बॉनेटच्या बाजूचा हात

तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि तरी ती ड्रायव्हरच्या सीटवर जितकी बसली असेल तितके भले भले ड्रायव्हरही बसले नसतील. गल्लीत तिचं नावच रेसवहिनी पडलं होतं. नवऱ्याचं, म्हणजे मिस्त्रींचं, गॅरेज घराच्या पुढच्या खोलीत. इंजिनात कुठे काय वाजतंय ते शोधायचं तर एकाने कान लावायचा आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेस द्यायची. मिस्त्रींचं हाताखालच्या कुठल्याच माणसाशी फार दिवस पटलं नाही. शेवटी त्यांनी नव्या नवरीला भांडी घासता घासता उठवून सीटवर बसवलं. ती बसली ती बसलीच.

बॉनेट उघडलं की सीटवरून समोरचं काही दिसत नाही. तिला दिसायचा तो फक्त बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेला मिस्त्रींचा हात. तळवा वर उचलला की रेस वाढव, आडवा धरला की आहे तेवढीच ठेव, मूठ मिटली की बंद. मध्ये बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही. "बोललीस की आवाज निसटतो," असं ते पहिल्याच दिवशी खेकसले होते. खेकसल्याशिवाय त्यांना कौतुकसुद्धा करता यायचं नाही. त्यांच्या तोंडाशी जुळवून घ्यायला तिला निम्मं आयुष्य लागलं. हाताशी मात्र आठवड्याभरात जमलं होतं.

त्या दिवशी गणिताच्या सरांची करडी गाडी आली होती. वेग घेताना टकटक वाजायची, सरळ चालीत गप्प. आवाज ऐकू येऊ नये म्हणून सर कितीतरी दिवस रेडिओ मोठा करून फिरले होते. त्याबद्दल मिस्त्रींची यथेच्छ बोलणी खाऊन ते शाळेत निघून गेले. मग मिस्त्रींनी नेहमीचा लांब पेचकस घेतला. टोक इंजिनाला टेकवायचं, दांडा कानाला. हात वर झाला. तिने रेस वाढवली, टकटकही वाढली. हात आडवा झाला. तिने पाय तिथेच रोखला.

हात आडवाच राहिला, मडगार्डवर टेकलेला. आज स्वारी अडली वाटतं, असं म्हणून ती मनातल्या मनात हसलीसुद्धा. पोटरी दुखायला लागली तरी तिने पाय हलवला नाही. हात हळूहळू घसरत खाली गेला. वाकून बघत असतील, असं तिला वाटलं. शेवटी पायात गोळा आला आणि तिने खूण नसताना रेस सोडली. आता खेकसतील म्हणून मान खाली घालून बसली. कोणी खेकसलं नाही. तेव्हा ती घाबरली.

मिस्त्री पुढच्या चाकाजवळ पडले होते. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे.

"जरा आधी आणलं असतं तर फरक पडला असता," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. माणूस वाईट नव्हता. पण तेवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर त्याचं काय बिघडत होतं?

मिस्त्रींची उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत होती. चहा हवा का विचारलं तर मान हलवून हो-नाही सांगत. उशी मनासारखी नसली तर डाव्या हाताने भिरकावत, म्हणजे स्वभावही शाबूत होता. ती सगळं करायची, अंघोळ, औषधं, जेवण. फक्त एक गोष्ट विचारायचा तिला धीर होत नव्हता. इंजिन तसं गर्जत असताना यांनी मला हाक मारली होती का? मारली असेल, तर ती हाक तिच्याच पायाखालच्या आवाजात बुडाली होती. या एका विचाराने तिच्या जिवाला घोर लागला होता.

सरांची गाडी तशीच उभी होती. सर दोनदा भेटायला आले आणि संकोचाने गाडीचं नाव न काढता गेले. शेवटी धाकटा दीर, तोही याच धंद्यातला, सुट्टी काढून आला. मिस्त्रींची खुर्ची आतल्या दारात आणून ठेवली. तिने सीटवर बसून रेस दिली; पण दिराचा हात आडवा झाला की तिचा पाय आपोआप उचलला जायचा. दोनदा तर ती उतरून बघून आली.

"वहिनी, अहो बसा ना! मला काय धाड भरलीय?" दीर म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

ती परत बसली. खिडकीतून तिला खुर्ची दिसत होती. मिस्त्रींचा डावा हात वर झाला. वाढव. तिने वाढवली. आडवा झाला. तिने पाय रोखला, आणि या वेळी तो हलला नाही. मग त्या हाताने खिळ्याला लटकवलेल्या रबरी नळीकडे बोट दाखवलं. दिराने पेचकस ठेवला, नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतात तिथलं पॅकिंग जळालं होतं. तिथूनच धूर फटीतून टकटक बाहेर पडत होता. इंजिन गार झाल्यावर त्याने नवं पॅकिंग बसवलं, नट आवळले. तिने रेस दिली. आवाज गेला.

"एवढंसं पॅकिंग," म्हणत दिराने जुना तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि तो गाडी सरांकडे पोचवायला गेला.

ती तुकडा घेऊन खुर्चीशी बसली. एवढ्याशासाठी. तिला रडू आवरेना.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती का?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. नाही म्हणायला नुसती मान हलवायची होती. चहाला हलायची, औषधाला हलायची. ती हलली नाही. म्हणजे मारली होती.

मग त्यांनी डावा हात उचलला, तिच्या तोंडासमोर आणला आणि मूठ मिटली.

त्या हाताची खूण तिने आजवर कधी मोडली नव्हती. तिने डोळे पुसले आणि पुन्हा कधीच विचारलं नाही.