बिघडलेलं अक्षर

त्या मुलीचं अक्षर मी घडवलं होतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे. पहिलीत आली तेव्हा तिचा 'क' पाटीवर पालथा पडायचा. मी तिचं बोट धरून ताटातल्या तांदळात गिरवून घेतलं, मग पाटीवर, मग दुरेघी वहीत. तिसरीत गेली तोवर तिचं अक्षर असं झालं, की तपासणीला आलेल्या साहेबांनी तिची वही उचलून वर्गाला दाखवली आणि विचारलं, "कुणी शिकवलं गं?" तिने माझ्याकडे बोट केलं. तो दिवस मी कितीतरी वर्षं मनात जपून ठेवला होता.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. आमची शाळा पळसदरी स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, घाटाच्या पायथ्याला. चार वर्ग आणि दोन शिक्षिका. मी त्याच गावात दिलेली, शेतकरी घरातली सून. ती मुलगी तिसरीत गेली त्याच वर्षी माझ्या जोडीला नवी शिक्षिका आली. खालापूरकडची, बौद्ध घरातली, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. रोज खोपोलीच्या गाडीने उतरून चालत यायची. मुलं मला मोठ्या बाई म्हणत, तिला नव्या बाई. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

ती आवाज चढवत नसे. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली मुलंसुद्धा तिच्याभोवती जाऊन बसत. आणि माझी ती मुलगी सगळ्यांत पुढे. घरून आणलेली भाकरी ती नव्या बाईंच्या डब्याशेजारी ठेवून खायची. मला ते खपत नव्हतं. मुलगी माझ्या हातून जाते आहे हे तर होतंच. पण त्यात आणखी एक होतं. ही कालची पोर, आणि कुठल्या घरची. हे मी तोंडाने कधी बोलले नाही. मनात मात्र बोलत होते, म्हणून लिहून टाकते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. घसा दुखत होता, ताप होता, असं तिच्या आईने सांगितलं. मग बरी होऊन आली. संक्रांत झाली आणि तिचं अक्षर बिघडायला लागलं. आधी नुसत्या शिरोरेघा उडायच्या. मग काना अक्षराला सोडून बाजूला पडायचा. तालुक्याची हस्ताक्षर स्पर्धा महिन्यावर आलेली. मी रोज एक पान लिहून घेत होते, वर तारीख घालून. आणि रोज पान आदल्या दिवसापेक्षा वाईट.

माझी खात्रीच झाली, की ही मुद्दाम करते आहे. नव्या बाईंच्या नादाने मला जुमानेनाशी झाली आहे. मी लाल शाईने शेरे लिहिले. "मुद्दाम घाण अक्षर." "लाज वाटत नाही?" एकदा लिहिलं, "बोटं मोडीन." आणि खरंच एक दिवस पट्टीने तिच्या बोटांवर मारलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं. वेडावते आहे असं वाटून मी आणखी दोन मारल्या. ती रडली आणि रडता रडताच हसली.

थोड्याच दिवसांत तिच्या हातून पाटी पडू लागली, चालताना पाय फेकले जाऊ लागले. क्षुल्लक कारणावरून चिडायची, आईला चिकटून बसायची. आई एक दिवस शाळेत आली आणि मला म्हणाली, "बाई, पोरीला बाहेरचं झालंय. भगताकडं नेली व्हती. त्यानं अंगारा दिला, पन फरक नाय."

मी म्हटलं, "बाहेरचं काही नाही. लाड झालेत."

नव्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात हातात धरले आणि म्हणाल्या, "माझे हात घट्ट धरून ठेव गं." मग आईकडे पाहून म्हणाल्या, "बघा, हिला धरून ठेवताच येत नाही. दाबते, सोडते, दाबते, सोडते. गाय पिळल्यासारखं."

मग तिला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ क्षणभरही बाहेर राहीना, आत-बाहेर व्हायची.

"परवा दुपारी ही माझ्या वर्गात चटईवर झोपली होती," नव्या बाई मला म्हणाल्या. "झोपेत हात-पाय अगदी शांत होते. मुद्दाम नाही करत ती, बाई. हा आजार आहे."

तीन वर्षं ज्या मुलीचं बोट धरलं तिचा हात हातात घेऊन पाहावा, हे मला का सुचलं नाही, याचाच राग आला. तो राग मी स्वतःवर काढायला हवा होता. काढला नव्या बाईंवर.

त्याच शनिवारी नव्या बाई मायलेकींना घेऊन कर्जतच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या एका इस्पितळात पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई अशाच मुलांवर संशोधन करत होत्या. मुलीला तीन आठवडे ठेवून घेतलं. आजाराचं नाव कोरिया. परत आल्यावर आई सगळ्यांना विचारत फिरली, "ह्यो कोरिया कुठं हाय रं? आमी तर म्हमईच्या पल्याड कदी गेलो नाय." गाव हसलं, ती पण हसली. मुलगी बरीच सावरली होती.

उन्हाळ्याआधी डॉक्टरीणबाई स्वतः जीपने गावात आल्या. लांब काडीला कापूस लावून सगळ्या मुलांचे घसे पुसून ते बोळे काचेच्या नळ्यांत भरले. पोरांना ओकाऱ्या आल्या, दोन पळून गेली, नव्या बाईंनी समजूत काढून परत आणली. मग ओट्यावर चहा झाला. मी विचारलं, घसा दुखला तर हात का बिघडावा?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घशात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी झगडायला रक्तात राखणदार तयार करतं. आम्हाला वाटतं, काही मुलांत हे राखणदार चुकतात. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसाला चावावा, तसे ते मेंदूच्या एका भागाला चावतात. म्हणून हात-पाय आवरत नाहीत, मूल चिडतं, रडतं, हसतं. पण हे अजून नक्की ठरलेलं नाही. तेच शोधतो आहोत." मग नव्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "माझ्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना जे दिसत नाही ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही कुठे शिकलात?"

नव्या बाई लाजल्या. मी कपबशा उचलायला लागले. माझ्याच शाळेत, माझ्याच मुलीच्या बाबतीत, आणि कपबशा मी उचलत होते.

निघताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "एक अडचण कायम असते. आजार नेमका कुठल्या दिवशी सुरू झाला हे कळतच नाही. घरचे येतात तोवर दोन महिने उलटलेले असतात. घसा दुखल्यापासून हात बिघडेपर्यंत किती दिवस जातात, हे एखाद्या मुलाचं जरी नक्की कळलं तरी मोठं काम होईल."

ते उत्तर माझ्या कपाटात होतं. संक्रांतीपासूनचं रोजचं एक पान, तारखेसकट. पहिली उडालेली शिरोरेघ कुठल्या दिवशीची, हे मी बोट ठेवून दाखवू शकले असते. पण प्रत्येक पानावर माझा लाल शेरा होता. आणि वह्या दिल्या तर कौतुक पुन्हा कुणाचं होणार हेही मला ठाऊक होतं. जीप गेली. मी कपाटाला कुलूप लावलं.

मुलीला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं होतं, पुन्हा घसा धरू नये म्हणून. नव्या बाई तिला कर्जतला नेत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, वाट बंद झाली आणि दोन इंजेक्शनं चुकली. भाद्रपदात, चौथीच्या वर्गात शुद्धलेखन तपासताना मला तिच्या वहीत एक वेलांटी दिसली, अक्षराला न टेकलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन.

या वेळी सगळ्यांच्या आधी मी पाहिलं होतं. शेजारच्या वर्गात जाऊन सांगायला दहा पावलं लागली असती. मी ती टाकली नाहीत. मी घरी येऊन डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं. खाली माझी सही केली, आणि उत्तराची वाट पाहत बसले. वर्गात मुलीला पुढे बसवलं, प्रेमाने वागवलं. मनात ठरवत होते, उत्तर आलं की मीच तिला मुंबईला घेऊन जाईन.

अकराव्या दिवशी सकाळी चुलीवरची पेज उतरवताना मुलीच्या हातून पातेलं सुटलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले.

नव्या बाई बातमी ऐकून धावत तिच्या घरी गेल्या आणि तासाभराने परत आल्या. मुलं बाहेर खेळत होती. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "जीभ पुन्हा ठरत नाहीये तिची. बाई, रोज तुमच्यासमोर बसते ती. तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्याच दुपारी पोस्टमन आला. मी फळ्याशी होते, म्हणून त्याने कार्ड नव्या बाईंच्या हातात दिलं. उघडं कार्ड, डोळ्यांसमोर आलं की वाचलं जातंच. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: "तुम्ही वेळेत ओळखलंत हे फार चांगलं झालं. आणखी पत्राची वाट न पाहता मुलीला लगेच घेऊन या."

नव्या बाईंनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. कार्डाच्या वर 'तुमचं पत्र मिळालं' म्हणून माझ्या पत्राची तारीख घातलेली होती, ती त्यांनी बोटाने दाखवली.

"अकरा दिवस, बाई," एवढंच त्या बोलल्या.

मी कपाट उघडलं. मला काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं तेवढंच होतं. त्यांनी पहिली वही चाळली. "बोटं मोडीन" या शेऱ्यापाशी थांबल्या. मी वाट पाहत होते की त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"हे मी नाही नेणार," त्या वही मिटून म्हणाल्या. "तुम्हीच नेऊन द्या."

म्हणून मुलीला आणि तिच्या आईला घेऊन मुंबईला मी गेले. मुलीच्या पायांना फडकी गुंडाळलेली, तिला आईने कडेवर घेतलेलं. डॉक्टरीणबाईंनी वह्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पानं उलटत गेल्या. शेरे त्यांनी वाचले, मला दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, "असं काही मला आजवर कुणी आणून दिलं नव्हतं. तारखेनिशी रोजचं पान!" मी वर्षभर ज्याची वाट पाहिली ते कौतुक असं मिळालं. ते ऐकताना मला मुलीच्या पायांकडे बघवेना. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या बाई नाही आल्या? त्यांना माझा नमस्कार सांगा." आणि खरं सांगते, त्या तशा वेळीही माझ्या पोटात दुखलं.

वह्यांचं पुढे काय झालं हे मला कळलं नाही. काही वर्षांनी डॉक्टरीणबाई परदेशी गेल्या. मुलगी चार महिन्यांत पूर्ण बरी झाली. इंजेक्शन मग एकही चुकलं नाही. एका खेपेला नव्या बाई नेत, एका खेपेला मी. या वाटणीबद्दल आम्ही कधी बोललो नाही, ती आपोआप झाली. अक्षर तिचं साधंच राहिलं, वाचता येण्याजोगं. स्पर्धेचं नाव मी पुन्हा काढलं नाही. नव्या बाईंची पुढे खालापूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी त्यांना उठवलं, पण माफी माझ्या तोंडून निघाली नाही.

मुलगी चौक गावाला दिली. मी निवृत्त व्हायच्या बेतात होते तेव्हा एका सकाळी ती दारात आली, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. घोट्यांवरचे डाग अजून तसेच. मी बाळाला मांडीवर घेतलं, खण-नारळाने तिची ओटी भरली. माझ्यासाठी म्हणून ती एवढ्या लांब आली, या विचाराने मला भरून आलं होतं.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाई, नव्या बाई आता कुठं राहतात ओ? बाळ त्यांना दाखवायचंय. तुमाला ठाव असंल म्हून इथं आले."

मला ठाऊक होतं. बस कुठे सोडायची, कुठल्या गल्लीत वळायचं, सगळं तिला नीट समजावून सांगितलं. ती बाळाला घेऊन उतरणीने गेली. मी दारात उभी राहून बघत होते, आणि ती मागे वळून बघते का, याचीच वाट पाहत होते.