कोरफडीच्या कळ्यांची भाजी

माझा भाचा नितीन याचा सकाळी फोन आला. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. ठाण्याहून डोंबिवलीला पोचेपर्यंत मला गाडीत धड बसवेना. महिना होऊन गेला, अजून तसंच आहे... कशातच जीव रमत नाही.

सुलभाताई माझी थोरली नणंद. मूळ कोकणातली, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य डोंबिवलीत. थंडी सरत आली की त्यांना घरात चैन पडायची नाही. आंबिवलीजवळच्या टेकडीवर खडकांतून रानची कोरफड माजलेली असायची, तिच्या लांब दांड्यांवर कळ्यांचे तुरे यायचे. उमललेली फुलं नकोत, मिटलेल्या कळ्याच घे, असं मला दर वर्षी बजावत त्या भराभर पुढे चढायच्या. मग कळ्या उकडून, कडू पाणी ओतून टाकून, पिळून, कांदा, भिजवलेली चणाडाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी. माझ्या बाळंतपणात पानांचा पिवळा चीक निथळून, गर तुपात परतून त्यांनी लाडू केलेले. सोसायटीतल्या मुली कोरफड चेहऱ्याला लावतात, याचा त्यांना वैताग. "तोंडाला काय लावता, तोंडात घाला," म्हणायच्या.

गेल्या वर्षी गेलो तर टेकडीला जेसीबी लागलेला, अर्धा उतार कापून नेलेला. मी म्हटलं, परत जाऊ. ताई सरळ ड्रायव्हरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, तुमचा चहा होईपर्यंत थांबा. तेवढ्यात माझं आटपतं." तो हसला आणि खरंच खाली उतरला. आम्ही दगडाने उकरून पिशव्या भरभरून कोरफडीचे गड्डे काढले. परतताना त्यांना धाप लागलेली, तरी कोणाच्या गॅलरीत कुठला लावायचा, हे बोलणं थांबेना...

परवा नितीनच्या गॅलरीतल्या कोरफडीला तुरा आला. त्याच्या बायकोने, रूपालीने, मला बोलावून घेतलं, कळ्या उकडल्यावर पाणी किती वेळा ओतून टाकायचं ते विचारलं. मलाही नक्की सांगता येईना. ताईंचं सगळं अंदाजाने चालायचं. आम्ही दोनदा टाकलं. भाजी कडूच झाली. नितीनने खाल्ली आणि पुन्हा मागितली.

त्याला वाढून मी आणि रूपाली आतच राहिलो. ताई कधी बसून जेवल्याच नाहीत. ओट्याशी उभ्याने, एका हातात ताटली, नजर पुढच्या कामावर. आमच्या लक्षात आलं तेव्हा आमचंही अर्धं जेवण तसंच झालेलं. रूपालीने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही... तीही नाही.