धडधड लागली की लिवायचं

“जीव कुठं हाय?”

शर्यतीच्या रेघेवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराला आमचे ड्रिल मास्तर हे विचारत. खाली वाकून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. पोरगं कधी “पोटात” म्हणे, कधी “गुडघ्यात”. मास्तर रागावत नसत. “असूं दे. हळूहळू हिकडं आण,” म्हणत आणि पुढच्याकडे सरकत. एकदा एकजण म्हणाला, “घरी हाय. म्हस व्यायला झालीया.” मास्तरांनी त्याला रेघेवरून बाजूला काढलं. “जा, बघून ये. मंग पळ.” बाकीची पोरं उन्हात ताटकळली. तो परत आला आणि शर्यतीत तिसरा आला. मास्तरांनी मात्र चौकशी केली ती रेडकाचीच.

निजामाचं राज्य होतं. बीडच्या आमच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून चाले. मी नगरकडे शिकून आलेला, तिथं मराठी शिकवायला लागलो होतो. नोकरी कायम व्हायची तर उर्दूची लेखी परीक्षा पास होणं भाग होतं. ड्रिल मास्तर युसूफवडगाव नावाच्या गावचे, जुने पैलवान. कान मोडलेले, मान जाड. शाळेत सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांना स्वतःला मराठी जेमतेम वाचता येई, उर्दूत फक्त सही.

वार्षिक परीक्षा आली की ते हेडमास्तरांकडे जाऊन एक तास मागून घेत. पोरांना परीक्षेच्या खोलीत नेऊन ज्याच्या त्याच्या जागेवर बसवत. पुस्तक नाही, पाटी नाही. नुसतं बसायचं. हेडमास्तर एकदा दारातून हसून म्हणाले, “वस्ताद, ही कसली ड्रिल?”

“साहेब, कुस्तीच्या आदी आमी आखाड्यातली माती अंगाला लावतो. जाग्याची वळख झाली की भ्या कमी हुतंय. लेकरांना भिताडाची वळख करून द्यायलोय.”

हेडमास्तर मान हलवत निघून गेले. पण तास कधी नाकारला नाही.

मी त्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. घरी सगळं येई. खोलीत बसलो की तळहात भिजत आणि अक्षरं अंधारात गेल्यासारखी नाहीशी होत. तिसरी वेळ शेवटची होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारच्या सुटीत माझा डबा तसाच बंद राहतो, एवढं फक्त वस्तादांनी पाहिलं.

“मास्तर, जेवत कावून न्हाईत?”

मी सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “उद्या पहाटं बिंदुसरेवर या. दौत-लेखणी घिऊन.”

नदीकाठच्या वाळूत त्यांनी मला पळवलं. धोतर खोचून, घामाघूम होईपर्यंत. छाती फुटेल असं वाटलं तेव्हा म्हणाले, “आता बसा. लिवा.”

“श्वास तरी घेऊ द्या.”

“घरी निवांत बसून तुमाला येतंयच की. धडधड लागली की लिवायचं. त्येच शिकायचं हाय.”

पहिल्या दिवशी कागदावर नुसते डाग पडले. पुढं अक्षरं उमटू लागली. वस्ताद कागद हातात घेऊन गंभीरपणे तपासत. एकदा तो उलटा धरला होता. “वळी सरळ हायत,” ते म्हणाले. एवढी एकच तपासणी त्यांना करता येई, आणि ती ते रोज करत.

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. ते वाळूत बोटानं रेघा ओढत राहिले.

“मी ईस वरसाचा हुतो. धारूरच्या जत्रंत कुस्ती लागली. लई मानसं. हलगी वाजाय लागली आन् माजी छाती तिच्यावानी वाजाय लागली. मला वाटलं, मी मरायलो. तसाच उठलो आन् पळालो. लंगोटावर, घाट उतरून, गावापर्यंत.”

“घरचे काय म्हणाले?”

“बाप बोलला न्हाई. आई म्हणली, जेव.” त्यांनी वाळूतल्या रेघा पुसल्या. “धडधड समद्यांनाच हुती, एवढं कुनी सांगितलं असतं तर थांबलो असतो.”

परीक्षेच्या दिवशी हात भिजले, छाती वाजू लागली. मला बिंदुसरेची वाळू आठवली आणि मी लिहू लागलो. पास झालो. वस्तादांना सांगायला धावत गेलो. त्यांनी आधी विचारलं, “धडधड झाली का?”

“झाली.”

“मंग?”

“लिहीत राहिलो.”

ते तोंड फिरवून शिट्टीची दोरी सोडवत बसले. दोरीला गाठ नव्हती.

वर्षभरानं वरून हुकूम आला, की ड्रिल मास्तरांनाही उर्दूची परीक्षा द्यावी लागेल. आता मी शिकवणारा झालो. पंचेचाळिशीचा तो माणूस संध्याकाळी माझ्या ओसरीवर अलिफ, बे गिरवायचा. बोटं जाड, लेखणी मोडायची. वेळही फार थोडा मिळाला होता.

त्या परीक्षेला ते पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत बसले. इतर लोक लवकर उठून गेले. त्यांच्या कागदावर नाव होतं आणि दोन ओळी. बाहेर आल्यावर त्यांचा सदरा भिजलेला होता.

“मास्तर, पास हुनार न्हाई मी,” ते म्हणाले. “पर उठलो न्हाई.”

त्यांची नोकरी गेली. हेडमास्तरांनी दोनदा वर लिहिलं, उपयोग झाला नाही. वस्ताद गावी परतले, शेती करू लागले. तीन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही महिनाभर उशिरा.

तुमच्याही शाळेत असा एखादा माणूस असेल, ज्याचा विषय वेळापत्रकात कुठंच नव्हता. मला माझा वस्ताद दिसतो तो शाळा सोडून जातानाचा. त्या सकाळी पोरांची वार्षिक परीक्षा होती आणि मी खोलीत देखरेखीला होतो. गाठोडं काखेत घेऊन ते खिडकीबाहेर उभे राहिले. मी पुढं होऊ लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. ते पोरांकडे पाहत होते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ तसाच बसला होता. वस्ताद त्याच्यासाठी थांबले. मग त्या मुलानं एक लांब श्वास सोडला, दौतीत लेखणी बुडवली आणि मान खाली घातली.

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं आणि फाटकाकडे जाणाऱ्या धुळीत पावलं उमटलेली होती.