जुनी रायफल आणि अण्णांची स्लिपर

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथ चालवणारे एक अण्णा रविवारी आमच्या शूटिंग रेंजवर रायफली दुरुस्त करायला यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. जुन्या रायफलीला नवी नळी बसवावी की नवीच रायफल घ्यावी, यावर मी एक्सेल शीट बनवली होती. स्पर्धा पंधरा दिवसांवर होती आणि माझ्या गोळ्या मधोमध सोडून सगळीकडे लागत होत्या.

शीटकडे त्यांनी पाहिलंही नाही. "स्वल्प... जरा नेम धरून दाखवा," ते कानडी मिसळत म्हणाले. मी मॅटवर पालथा झालो. चष्मा कपाळावर ढकलून ते माझ्या मानेकडेच बघत राहिले.

"रायफल बरी आहे हो. पण ती आधीच्या मालकाच्या मापाची आहे. तुम्ही कंपाउंडवरून शेजारी डोकावल्यासारखी मान उंच करता."

मग त्यांनी पायातली रबरी स्लिपर काढली, ब्लेडने टाचेचा तुकडा कापला आणि रायफलीवर गाल टेकतो तिथे चिकटवला. पुढच्या पाचपैकी चार गोळ्या मधोमध बसल्या!

ते एका पायाने अनवाणी निघाले, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, आता स्लिपरलाही तुकडा जोडणार?"

"छे! ती नवीच घ्यायची," ते म्हणाले. "तुमचे रायफलीचे पैसे वाचले ना?"