वारज्यात हरलेल्या मॅचेस

जिंकणाऱ्या टीमकडे कप साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्याकडे ते इतके साठलेत, की सदाशिव पेठेतल्या आमच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, "आपण कधी फुटबॉल खेळलाही आहात, की नुसतेच बोलता?"

खेळलो. कॉलेज सुटल्यापासून गुडघे सुटेपर्यंत खेळलो. पेठेत ग्राउंड नव्हतं, म्हणून दर रविवारी स्कूटर काढून वारज्याला जायचो. तिथे बापूच्या घरच्यांची पडीक जमीन होती. आमच्या कॅप्टननं, उदयनं, पहिल्याच दिवशी बापूला सांगून टाकलं, "जमीन तुझी, तेव्हा गोलही तूच सांभाळ." बापू शेवटपर्यंत आमचा गोलकीपर राहिला. मी लेफ्ट बॅक. म्हणजे बापूच्या पुढे उभा राहून बॉल जाताना बघणारा.

*

त्या जमिनीत गोलच्या थोडं पुढे एक कडुलिंब होता. बापूच्या वडिलांनी तो तोडू दिला नाही. आमच्या मॅचना रेफरी असायचे आपटे सर. शाळेत संस्कृत शिकवायचे. बाकी कुणी वारज्यापर्यंत यायला तयार नसायचं.

एकदा समोरच्या टीमनं मारलेला बॉल सरळ बाहेर चालला होता. तो कडुलिंबावर आपटला आणि वळून आमच्या गोलमध्ये गेला. सरांनी गोल दिला. उदय धावत गेला.

"सर, झाडाला लागून गेलाय."

"झाड मैदानात आहे ना? मग ते खेळतंय."

"पण कुणाकडून?"

सरांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमच्यापेक्षा बरं खेळतंय. तेव्हा तुमच्याकडून नसावं."

*

आमचा शशी मेडिकलचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक नसलं की जगभरातल्या फुटबॉलच्या अजब गोष्टी वाचतो आणि रविवारी आमच्यावर सोडतो.

एकदा त्यानं इंग्लंडमधल्या एका गोलकीपरची गोष्ट सांगितली. मॅच चालू असताना इतकं धुकं पडलं, की रेफरीनं खेळ थांबवला. सगळे आत निघून गेले. गोलकीपरला पत्ताच नाही. तो धुक्यात डोळे ताणून उभा. त्याला वाटलं, आपली टीम जोरात आहे, बॉल इकडे येतच नाहीये.

आम्ही खूप हसलो. बापू हसला नाही.

"मग त्याला सांगितलं कुनी?"

"एक पोलीस आला, त्यानं."

"पोलीस आला," बापू म्हणाला. "टीम न्हाय आली."

त्यानंतर मॅच संपली की आम्ही आधी बापूला हाक मारायचो. त्याचं उत्तर आल्याशिवाय कुणी बूट काढत नसे.

*

आम्हाला आयुष्यात एकच कप मिळाला. फायनलला समोरची टीम आलीच नाही. उदयला त्याची अजिबात लाज नव्हती. "हजर राहणं हाही खेळच आहे," असं म्हणून त्यानं कप घरी नेला आणि टीव्हीशेजारी ठेवला. त्यावर टीमचं नाव कोरून घेऊ या, असं आम्ही म्हणायचो. तो म्हणायचा, "थांबा रे. दुसरा मिळाला की दोन्हींवर एकदम कोरू."

कोविडमध्ये उदय गेला. आम्हाला त्याचं तोंडही बघता आलं नाही. पुढे वहिनी मुलीकडे बंगळूरला गेल्या, घर रिकामं झालं, भंगारात काय काय गेलं कुणास ठाऊक.

एका रविवारी मी आणि शशी जुन्या बाजारात नळाचा पाना शोधत होतो. एका पथारीवर आमचा कप दिसला. आत स्क्रू आणि वायसर भरलेले. कानाला पडलेला पोचाही तसाच. मुंजीत उदयच्या पुतण्याच्या हातून पडला होता, तेव्हाचा.

शशी म्हणाला, "हा आमचा आहे."

पथारीवाल्यानं कप उचलून सगळीकडून फिरवून बघितला. "नाव कुठाय तुमचं?"

आम्ही कप विकत घेतला. स्क्रू त्यानं ओतून घेतले. परतताना शशी सांगत होता, की एकदा वर्ल्ड कपसुद्धा चोरीला गेला होता आणि तो एका कुत्र्यानं झुडपाखालून शोधून काढला. त्या कुत्र्याला नंतर जिंकल्याच्या मेजवानीला बोलावलं होतं म्हणे. मी नुसतं हं म्हटलं. कप त्यानं पोटाशी धरला होता.

*

वारज्याच्या जमिनीवर आता बिल्डिंग आहे. भावांनी बिल्डरशी बोलणं केलं, बापूनं सही केली. त्याला तिथेच फ्लॅट मिळाला. आम्ही वास्तुशांतीला गेलो तेव्हा त्यानं आम्हाला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि खांब मोजत एका जागी जाऊन उभा राहिला.

"हितं गोल हाय. माझी गाडी बराबर लायनीवर लागती."

मग सवयीनं गुडघे वाकवून, हात पसरून उभा राहिला. शशीनं खिशातला रुमालाचा बोळा त्याच्याकडे फेकला. बापूनं झेलला. तेवढ्यात वॉचमन आला आणि सोसायटीच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, इथं खेळायला मनाई आहे."

बापू सरळ उभा राहिला. "हां, ऱ्हायलं मग," म्हणाला आणि आम्हाला जेवायला वर घेऊन गेला.

*

मागच्या वर्षी आपटे सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. आता ते गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि बोलायचं ते पाटीवर लिहितात. आम्ही एका कॉलेजचं ग्राउंड मिळवून शेवटची मॅच ठरवली होती. सरांना बोलवायला मी, शशी आणि बापू गेलो.

सरांनी पाटीवर लिहिलं, 'शिट्टी?'

शशी म्हणाला, "सर, शिट्टी येण्याआधी रेफरी रुमालच हलवायचे."

सरांनी पुसून लिहिलं, 'मी इतका जुना नाही.'

मॅचच्या दिवशी सकाळी सरांच्या घरून काकूंचा फोन आला. "अहो, किती वाजता नेणार आहात? मघापासून एकाच रुमालाला इस्त्री करतायत."

ती मॅच आमची सगळ्यांत शांत मॅच. ज्याला रुमाल दिसेल तो थांबायचा, त्याला बघून दुसरा थांबायचा. बॉलपेक्षा सरांकडेच जास्त लक्ष. फाऊल दिला तरी कुणी वाद घातला नाही. त्यांना उत्तर देता येणार नाही, हे दोन्ही टीमना माहीत होतं. सर धावत नव्हते, बॉलच्या मागे सावकाश चालत होते, मध्येच थांबून गळ्याशी हात नेत होते. आम्ही हरत होतो.

वेळ संपली. सरांनी घड्याळ बघितलं आणि रुमाल वर केला.

मला तो दिसला. गोलमधून बापूलाही दिसला असणार, कारण तो तिकडेच बघत होता. समोरच्या टीमचा कॅप्टन तर सरांपासून दोन हातांवर होता. बॉल माझ्याकडे आला. मी शशीला दिला. शशीनं तो समोरच्या कॅप्टनला दिला. त्यानं मान खाली घातली आणि बॉल पुढे ढकलला.

सर हात वर करून उभे होते. एकेकाकडे बघत होते. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं.

मग त्यांनी रुमालाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि पुन्हा बॉलमागे चालायला लागले.