हौदातली रिकामी जागा

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीला ठाऊक असलेला सर्वांत विचित्र इंग्रजी शब्द कोणता? तेव्हा मी टाळलं. आता लिहून कळवते. तो शब्द 'अलिज'.

पिंपात तेल किंवा दारू भरल्यावर वर जी जागा रिकामी राहते, ती अलिज. त्याचं मूळ लॅटिनमधल्या डोळ्याच्या शब्दात आहे. पिंपाच्या भोकाला जुने फ्रेंच लोक डोळा म्हणत, आणि डोळ्यापर्यंत भरण्यावरून हा शब्द निघाला. पुढे पेल्याच्या तळाशी उरलेल्या घोटालाही तो लागला. खलाशी तर बिनकामाच्या माणसाला अलिज म्हणू लागले.

शाळेत इंग्रजी शिकवत असताना मला तो कोशात सापडला आणि मी घरात वापरायला घेतला. जालन्यात आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. रोज सकाळी मी खुणा केलेली काठी हौदात सोडते आणि वहीत लिहिते, अलिज इतकी बोटं. पाणी किती आहे ते नाही, किती कमी आहे ते.

या उन्हाळ्यात बारा दिवस नळ आला नाही. शेजारची सून हंडा घेऊन आली. तिची सासू म्हणजे माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. ती अंथरुणाला खिळली होती.

"काकू, दोन हंडे द्या ना. आत्याबाईचं सारं अंथरूण खराब झालंय. धुवायला थेंब न्हाई."

मी काठी पाहिली. "एकच ने गं. नळ कधी येईल कुणाला ठाऊक?"

"बराबर हाय, काकू. तुमचं सगळं मोजूनच असतंय."

भिंतीपलीकडच्या खिडकीतून मैत्रिणीचा बारीक आवाज आला, "मास्तरीणबाईला म्हणावं, माझी बी एक खूण करा काठीवर. मी किती राह्यले ते कळंल."

सून हसली. मीही हसले, पण हंडा एकच दिला.

दोन दिवसांनी सकाळी माझी मैत्रीण गेली. नळ अजून आला नव्हता, तरी आमचा हौद तेव्हा निम्म्याहून अधिक भरलेला होता. तिच्या शेवटच्या आंघोळीसाठी गल्लीतल्या बायकांनी न सांगता आपापल्या घरून कळशा आणल्या. मीही हंडा भरून मैत्रिणीच्या दाराशी गेले.

"राहू द्या काकू, झालं," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी हंडा परत आणला. पाणी वाया घालवायची सवय नाही, म्हणून पुन्हा हौदात ओतला. हे तुमच्या आईबाबांना मी अजून सांगितलेलं नाही.