वत्सलाबाईंनी न केलेली सही

वत्सलाबाई गेल्याचं मला भेडाघाटहून आलेल्या एका मूर्तिकारानं सांगितलं. "दाईजी नहीं रहीं, भैया," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला... त्याला महिना झाला. तेव्हापासून मला दुःखाहून स्वतःची किळसच जास्त येते आहे.

ओमती नाल्याजवळच्या आमच्या गल्लीत वत्सलाबाई आणि माझे मित्र बापूराव वीस-बावीस वर्षं एका घरात राहिले. लग्न झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. बाईंना नवऱ्यानं पहिल्याच वर्षी टाकलं, दुसरी केली आणि तो वर्ध्याला सुखानं नांदला. तेव्हाच्या कायद्यानं त्याला दोन बायका करायची मुभा होती, बाईंना सुटायची नव्हती. गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलावत नसत. बाळंतपण आलं की मात्र त्यांच्याच दाराशी धावत. माझी मुलगी आणि मुलगा, दोघंही त्यांच्याच हातांवर जन्मले.

बापूराव तापानं गेले. अमरावतीहून पुतणे आले. तेराव्याची पानं उचलली आणि त्यांनी दाराला कुलूप घातलं. "बाई, तुम्ही आमच्या काकांच्या कोण?" थोरल्यानं सगळ्यांदेखत विचारलं. सारी गल्ली उभी होती, मीही होतो. कोणी तोंड उघडलं नाही.

मग लाजेखातर मी त्यांना वकिलाकडे नेलं. माणूस भला होता. म्हणाला, "बायको म्हणून हक्क नाही. पण रखेल म्हणून पोटगी मागता येईल, शास्त्रात आधार आहे. अर्जात तसं लिहिलंय, सही करा."

बाईंनी कागद सावकाश वाचला. "वकीलसाहेब, मला कोणी ठेवलं नव्हतं. आम्ही दोघं राहत होतो. याला तुमच्याकडे शब्द नाही?"

बाईंनी कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

"मग मी सही काहून करू?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, एका शब्दानं काय बिघडतं? त्या थांबल्या. "तो शब्द तुमच्या बायकोच्या नावापुढे लिहून पाहा, मग सांगा."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. भेडाघाटला पाथरवटांच्या वस्तीत एक खोली मिळाली, तिथंच शेवटपर्यंत बाळंतपणं करत राहिल्या. तुम्ही कोणाच्या कोण, हे तिथं त्यांना कोणी विचारलं नाही.

परवा त्या वस्तीत गेलो होतो. एका बाईनं अंगणातून "वत्सला" अशी हाक मारली, आणि तीन पोरी एकदम वळून बघू लागल्या... आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बाईंच्या हातची. बाईंचं नाव त्यांतल्या एकीलाही नाही. माझ्या मुलीलाही नाही.